उतारू चढतो तेव्हा

ऐरोलीहून एका वाचकांनी विचारलंय: "ठाणे स्टेशनात उतरणारे ते उतारू, मग चढणाऱ्यांना काय म्हणायचं? आणि 'तो भांडायला उतारू झाला' हे मराठीत चालतं का?"

पहिला गैरसमज आता इतका रुळलाय की परवा लोकलमध्ये एक गृहस्थ "आधी उतारूंना वाट द्या, मग प्रवाशांनी चढा" असं बजावत होते. अहो, उतारू म्हणजे प्रवासी. चढणाराही उतारू, खिडकी धरून बसलेलाही उतारू, आणि दाराला लोंबकळणारा तर उतारूच. 'चढारू' असा शब्द नाही आणि कुणी पाडूही नये.

खरी मौज धातूत आहे. तॄ म्हणजे पाणी ओलांडणे आणि उद् म्हणजे वर. 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून निघून काठावर येतो. थोडक्यात, आपलं 'उतरणे' मुळात वर येणं! खाली येण्याला संस्कृतात 'अवतरति' होतं, त्यातूनच अवतार. पुढे दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही. सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी होडीतून उतरून पाहा: पाय खाली चिखलात जातो आणि माणूस वर काठाला लागतो. दोन्ही क्रिया एकाच दमात.

जुन्या मराठीत 'नदी उतरले' म्हणजे नदी ओलांडली. पायी ओलांडता येईल अशी नदीतली जागा म्हणजे 'उतार'. पानिपताआधी, १७६० च्या ऑक्टोबरात, अब्दालीला बागपतजवळ यमुनेला उतार सापडला, असं म्हणतात ते याच अर्थाने. शाळेत हे वाचताना मला वाटायचं की अब्दालीला तिथे घसरगुंडी मिळाली.

काहीजण 'उतारू' हा शब्द 'उतारा' म्हणजे मुक्कामाची जागा यावरून काढतात आणि शेजारच्या गुजरातीतला 'उतारो' साक्षीला उभा करतात. साक्षीदार खरा, पण तो त्यांच्याच विरुद्ध बोलतो. मुक्कामाला 'उतरणे' का म्हणतात? वाहनातून किंवा नावेतून उतरल्याशिवाय मुक्काम होतो का? पाहुणे काकांकडे 'उतरले', तेही आधी कशातून तरी उतरूनच. म्हणजे उतारा हा धाकटा भाऊ, त्याला बापाच्या जागी बसवू नका. माझं मत पक्कं आहे: उतारू हा आधी 'तरी'तला, म्हणजे होडीतला माणूस, आगगाडीत तो नंतर बसला.

आणि तो नंतर कुठे बसला, तर आपल्याच दारात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे खाडी. १८५४ साली रूळ खाडीवरून कल्याणला पोचले. त्याआधी पलीकडे जायचं तर पाण्यावरूनच. कल्याण तर दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. उल्हास नदीतून भरतीबरोबर गलबतं आत यायची. माणसं तेव्हाही उतारूच होती, फक्त पायाखाली फळी होती. या पाण्यावरची बाकीची शब्दसंपत्ती पाहा: तर (म्हणजे पलीकडे नेणारी होडी), तरी, तारू, तीर, तीर्थ. सगळी तॄची पिलावळ. देवाचं तीर्थही मुळात पाणी ओलांडायची वाट.

आता ऐरोलीकरांसाठी खास. तुमच्या घरामागच्या टीटीसीचं पूर्ण नाव 'ट्रान्स ठाणे क्रीक', एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा. 'ट्रान्स' हा लॅटिन शब्द, 'पलीकडे' या अर्थाचा, आणि बहुतेक व्युत्पत्तिकार तो आपल्या 'तरति'च्याच मूळ धातूशी जोडतात. म्हणजे दिघ्यापासून नेरूळपर्यंतच्या रासायनिक कारखान्यांच्या पाट्यांवर चक्क 'तर' लिहिलेली आहे! (पलीकडे कुणाच्या, हे विचारायचं नाही. नाव देणाऱ्याने खाडीच्या अलीकडून पाहिलं. घणसोलीच्या आगऱ्याला ठाणंच पलीकडे.) सत्तरच्या दशकात वाशीला पूल झाला, मग ऐरोलीला झाला, आणि आता रोज हजारो माणसं खाडीचं पाणी न पाहता ती ओलांडतात. २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा मला फार आशा होती की तिकिटावर 'उतारू' छापतील. कसलं काय, 'पॅसेंजर'च.

हां, भांडणाचा प्रश्न राहिला. 'करायला उतारू झाला' ही सरळ हिंदीची उसनवारी. 'शिव्यांवर उतरला', 'हातघाईवर उतरला' हे आपलं, ते खुशाल वापरा. पण मराठी माणूस भांडायला 'उतारू' होत नाही, भांडायला 'उठतो'. तिथेही तोच 'उद्' आहे बरं का.