उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांतून साधी शाल विणता येईल का?

तुम्ही लिहिलंय की घरात सात-आठ रंगांचे अर्धवट गुंडे पडलेत, फक्त सुलट टाका येतो, तर शाल होईल का. नक्की होईल. मी धुळ्याकडची. खान्देश म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं ऊनच आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि आमची माय पहाटे ‘भू थंडी शे’ म्हणत चुलीपुढे बसते. तिच्या खांद्यावरची शाल अशीच उरल्यासुरल्या लोकरीची आहे.

चौकोनी नको, त्रिकोणी विणा. चौकोनीत रुंदी आधी ठरवावी लागते आणि लोकर संपली की शाल आखूड राहते. त्रिकोणी शाल टोकापासून वाढत जाते, कुठेही थांबवली तरी पुरी दिसते. ३ टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, मग सुईवर लोकरीचा एक वेढा, पुढचे सगळे सुलट. ओळीमागे एक टाका वाढतो आणि कडेला बारीक जाळी पडते. सगळं सुलटच असल्यामुळे कडा वळत नाहीत. सुया ६ नंबरच्या घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा लहान तेवढी सुई जाड, हे दुकानात लक्षात ठेवा. मधे वायर असलेली सुई मिळाली तर उत्तम, कारण शेवटी २०० च्या आसपास टाके होतात. तेवढ्यात वरची कड साधारण चार फूट भरते.

आता रंगांचा क्रम. इथेच माझी पहिली शाल फसली. सगळ्यात मोठा करडा गुंडा मी टोकालाच संपवला आणि वरच्या लांब ओळींना हाताशी राहिले नुसते चिल्लर गुंडे. कोणताच रंग दोन ओळींपुढे गेला नाही. अख्खी शाल उसवावी लागली. हिशोब असा की २०० ओळींच्या शालीत पहिल्या १४० ओळींना जेवढी लोकर लागते, जवळजवळ तेवढीच उरलेल्या ६० ओळी खातात. म्हणून लिंबाएवढे गुंडे टोकाला आणि मोठे वरच्या कडेसाठी राखून ठेवा. विणायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे गुंडे तोलून लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा. एखादी लोकर बारीक असेल तर दुपदरी घ्या.

खरी लोकर आणि ॲक्रिलिक मात्र एकत्र करू नका. खरी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही, आणि एका धुण्यात पट्टे चुण्या होऊन बसतात. ओळखायचं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर वाकडी असते. तिची लडी करा, तीन-चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवा, मग गुंडा करा.

रंग ओळीच्या सुरुवातीलाच बदला, मधे गाठ नको. वीतभर टोक सोडून नंतर जाड सुईने त्याच रंगात ओवून टाका. आणि शेवटच्या गुंड्यातली कडेच्या चौपट लोकर टाके बंद करायला राखून ठेवा. बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर कड आवळते आणि शाल खांद्यावर नीट बसत नाही.