सांगितला जाणारा पगार आणि हातात येणारा पगार

परदेशात नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी नाशिक परिसरातील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. रुपयांतील हिशेब पौंडाला ११५, युरोला १०० आणि दिरहमला २४ रुपये असा भाव धरून केला आहे. भाव रोज हलतो, त्यामुळे वाचकांनी त्या दिवसाचा दर लावून हिशेब पुन्हा करून पाहावा.

प्रश्न : मी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. नर्सिंग केले असून मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात चार वर्षांपासून अतिदक्षता विभागात काम करीत आहे. इंग्लंडमध्ये महिन्याला तीन लाख रुपये मिळतात, असे एजंट सांगतो. त्या भरवशावर घरचे लोक कर्ज काढण्याच्या विचारात आहेत. हा आकडा धरून चालावे का?
— एक परिचारिका, इंदिरानगर

उत्तर : कर्जाचा हप्ता ठरवताना हा आकडा मुळीच धरू नये. एजंटने वार्षिक पगाराला बाराने भागून त्याला पौंडाचा भाव लावला आहे, इतकेच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नोंदणीकृत परिचारिकेची सुरुवात बँड ५ या श्रेणीत होते आणि २०२५-२६ मध्ये त्या श्रेणीचा आरंभीचा वार्षिक पगार ३१,०४९ पौंड होता. महिन्याला हे सुमारे २,५८७ पौंड होतात, म्हणजे पावणेतीन-तीन लाखांच्या घरातील रक्कम. मात्र हा कपातीपूर्वीचा पगार झाला.

आता कपात पाहू. वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर प्राप्तिकर नाही, त्यापुढील उत्पन्नावर २० टक्के आहे. नॅशनल इन्शुरन्स नावाची सामाजिक विम्याची वर्गणी त्याच मर्यादेच्या वरच्या रकमेवर ८ टक्के दराने जाते आणि या पगाराला निवृत्तिवेतनाची वर्गणी ८.३ टक्के पडते. निवृत्तिवेतनाचे पैसे करआकारणीच्या आधी वजा होतात, एवढाच थोडा दिलासा. सर्व वजा जाता महिन्याला सुमारे १,९८५ पौंड हातात येतात, म्हणजे अंदाजे २ लाख २८ हजार रुपये. लंडनबाहेर सामायिक घरातील एका खोलीसाठी शहरागणिक साधारणतः ५०० ते ८०० पौंड द्यावे लागतात. जेवण, बसभाडे, फोन आणि थंडीतले हीटिंगचे बिल यांचा खर्च त्यावर वेगळा. काटकसरीने राहणाऱ्या एकट्या व्यक्तीजवळ ८०० ते १,००० पौंड उरू शकतात, आणि कर्जाचा हप्ता ठरवायचा तो या उरलेल्या रकमेवर.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट एजंट बहुधा सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये उतरल्या दिवसापासून आपण बँड ५ मध्ये नसता. संगणकावरील परीक्षा भारतात देता येते, पण ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा तिथे जाऊन द्यावी लागते, आणि ती उत्तीर्ण होऊन तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत बँड ३ किंवा ४ चाच पगार मिळतो. बँड ३ चा आरंभ २०२५-२६ मध्ये २४,९३७ पौंडांचा होता, म्हणजे कपातीपूर्वी महिन्याला सुमारे २,०७८ पौंड. व्हिसाच्या अटीप्रमाणे नोंदणीसाठी साधारण आठ महिन्यांची मुदत असते. पहिल्या प्रयत्नात ऑस्की निघाली नाही, तर हा कमी पगाराचा काळ लांबतो. पहिल्या सहा महिन्यांचा हप्ता बँड ५ च्या आकड्यावर ठरवलेली कुटुंबे नेमकी इथेच अडचणीत येतात.

पगार वाढण्याच्या वाटाही आहेत. बँड ५ मध्ये २०२५-२६ च्या दराने दोन वर्षांनी ३३,४८७ आणि चार वर्षांनी ३७,७९६ पौंड असे टप्पे होते. रात्रीच्या आणि शनिवारच्या ड्युटीला ३० टक्के, तर रविवार आणि सार्वजनिक सुटीला ६० टक्के अधिक मिळतात. मूळ दर ताशी सुमारे १५.९ पौंड धरला, तर नाइट ड्युटीचा प्रत्येक तास पावणेपाच पौंडांनी महाग होतो, आणि अतिदक्षता विभागात नाइट ड्युटीला तोटा नसतो हे आपण जाणताच. आपली चार वर्षांची भारतातील सेवा वरच्या टप्प्यासाठी मोजली जाईलच असे नाही. हे नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, कारण नंतर विचारण्यात काही अर्थ उरत नाही.

शेवटचा मुद्दा एजंटच्या पैशांचा. परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी इंग्लंडने जी आचारसंहिता ठरवली आहे, तिच्यानुसार भरतीचे शुल्क उमेदवाराकडून घ्यायचे नसते, ते रुग्णालय देते. इंग्रजीची परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी यांचा खर्च आपला. त्यापलीकडे कोणी ‘स्पॉन्सरशिप’चे म्हणून लाखांत पैसे मागत असेल, तर तिथेच थांबावे. दिलेल्या पदाचे नाव ‘नर्स’ आहे की ‘केअर वर्कर’, हेही नियुक्तिपत्रात नीट वाचावे. केअर वर्करची परदेशातून होणारी नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे आणि त्या व्हिसावर येणाऱ्यांना कुटुंब नेण्याची मुभा त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, काढून घेण्यात आली होती.

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे. दुबईतील एका खासगी रुग्णालयाकडून ६,००० दिरहमचे पत्र आले आहे. पत्रात मूळ वेतन ३,५०० आणि बाकी भत्ते, असे लिहिले आहे. कर नाही, राहण्याची सोय आहे, म्हणून आम्हाला हे इंग्लंडपेक्षा बरे वाटते. एजंट तीन लाख मागतो आणि आधी व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणतो.
— एक पालक, ओझर

उत्तर : प्राप्तिकर नसणे आणि राहण्याची सोय असणे या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर ६,००० दिरहम म्हणजे दीड लाखाच्या आसपासची रक्कम जवळजवळ संपूर्ण हातात येते, आणि काटकसरीने राहणारी मुलगी त्यातून लाखभर रुपये घरी पाठवू शकेल. इंग्लंडमधील उरणाऱ्या पैशांशी तुलना केली, तर पहिल्या वर्षी फरक आपल्याला वाटतो त्याहून कमीच निघेल.

तथापि पत्रातील मूळ वेतनाचा आकडा बारकाईने पाहावा. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचे मूळ वेतन. ३,५०० वर हे वर्षाला २,४५० दिरहम होतात, म्हणजे तीन वर्षांनी परतणाऱ्या परिचारिकेला ७,३५० दिरहम. हेच सगळे ६,००० दिरहम मूळ वेतन असते, तर १२,६०० मिळाले असते. एकूण आकडा तोच ठेवून मूळ वेतन कमी दाखवण्यात मालकाचा फायदा असतो. ओव्हरटाइमचा हिशेबही मूळ वेतनावरच होतो. आठवड्याचे तास, रजेच्या वेळचे विमानभाडे आणि ‘राहण्याची सोय’ म्हणजे एका खोलीत किती जणी, हे लेखी मागावे.

एजंटच्या मागणीबद्दल मात्र आमचे मत स्पष्ट आहे. आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांसाठी २०१५ पासून केंद्र सरकारने स्थलांतराची मंजुरी आवश्यक केली असून त्यांची भरती केरळच्या नॉर्का रूट्स, ओडेपेक किंवा तामिळनाडूच्या ओएमसीएल यांसारख्या सरकारी संस्थांमार्फत करण्याचे धोरण ठेवले आहे. मुलगी दहावीपुढे शिकलेली असल्याने तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (स्थलांतराची तपासणी आवश्यक) हा शिक्का नसेल, आणि म्हणून मंजुरी लागत नाही, असे एजंट सांगतील. परिचारिकांच्या बाबतीत ते बरोबर नाही. परवानाधारक भरती एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. तीन लाखांची मागणी त्याच्या दहापट आहे. व्हिजिट व्हिसावर जाऊन ‘तिथे बदलून घेऊ’ या बोलण्यावर मुलीला विमानात बसवू नये, कारण मंजुरीची आणि कराराची जी नोंद अडचणीच्या वेळी भारतीय दूतावासाला दाखवता येते, तीच या मार्गाने मागे राहते. एजंटचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतो.

प्रश्न : मी कॉलेज रोडवरील वर्गात जर्मन शिकत असून बी१ पातळीपर्यंत पोहोचले आहे. एक संस्था २,८०० युरो सांगते, तिथे असलेली मैत्रीण ३,५०० सांगते. कोणाचे खरे?
— एक परिचारिका, नाशिक रोड

उत्तर : दोघींचे आकडे बरोबर असण्याची शक्यता आहे. भारतातील पदविकेला किंवा पदवीला जर्मनीत मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे बहुधा भाषेची त्यापुढची बी२ पातळी आणि पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा पूर्ण होईपर्यंत, आपण मदतनीस म्हणून काम करता. वृद्धांच्या शुश्रूषेच्या संस्थांमध्ये मदतनीसाला १ जुलै २०२५ पासून ताशी किमान १६.१० युरो, तर मान्यताप्राप्त परिचारिकेला किमान २०.५० युरो द्यावे लागतात. आठवड्याला ४० तास धरले, तर महिन्याला अनुक्रमे सुमारे २,७८५ आणि ३,५४५ युरो होतात. मैत्रिणीला मान्यता मिळालेली असावी.

या दोन्ही आकड्यांतून एकट्या व्यक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापला जातो. त्यात कराचा भाग थोडा, निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याचा भाग जास्त. हातात साधारण १,९०० आणि २,३५० युरो येतात. आपण विवाहित असाल आणि पती भारतातच राहणार असतील, तर विवाहितांचा सवलतीचा करवर्ग मिळत नाही. हे तिथे गेल्यावर पहिल्या पगारपत्रकात कळते आणि उगाच धक्का बसतो. भाषेत मात्र कंजुषी करू नये: बी२ इथूनच करून गेलात, तर मदतनीसाच्या पगारावरचे महिने कमी होतात, आणि दरमहा साडेचारशे युरोंचा फरक पाहता वर्गाची फी किरकोळ ठरते.

प्रश्न : अमेरिकेतील पगार सर्वांत जास्त असतो, मग सर्वजण तिकडेच का जात नाहीत?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : पगार मोठा आहे, हे खरे. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार तेथील नोंदणीकृत परिचारिकांचा मध्यक वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. तेथील परवान्यासाठी लागणारी एनक्लेक्स परीक्षा भारतातही देता येते. अडते ते व्हिसापाशी. परिचारिका कायम वास्तव्याच्या ज्या ईबी-३ व्हिसावर्गातून जातात, त्यात भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. परीक्षा आज देऊन ठेवावी, घराचा हिशेब त्यावर मांडू नये.

प्रश्न : मुलीने परदेशातून पाठवलेल्या पैशांवर इथे कर भरावा लागतो का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : कन्या त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल, तर नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती म्हणून ती अनिवासी ठरते, आणि तिथे मिळवलेल्या पगारावर भारतात प्राप्तिकर लागत नाही. तिने आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर आपल्यालाही कर नाही. परदेशी गेल्यावर तिने बँकेत एनआरई (अनिवासींचे परदेशी कमाईसाठीचे) खाते उघडावे. त्यावरील व्याज करमुक्त असते, आणि ते पैसे गरजेच्या वेळी परदेशात परतही नेता येतात. जुने बचत खाते मात्र तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचे भारतातील उत्पन्नासाठीचे) करून घ्यावे लागते. त्यावरील व्याजावर बँक कर कापते, म्हणून घरभाडे किंवा शेताचे पैसे येत असतील तेवढ्यापुरतेच ते ठेवावे.