आधी मस्टँगवर हात बसव

भाऊ, डीसीएस वर्ल्ड या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये लगेच पैसे घालून एफ-१६ हे लढाऊ जेट घेऊ नको. गेमसोबत टीएफ-५१ मस्टँग हे जुनं पंख्याचं विमान फुकट मिळतं. त्याला शस्त्रं नाहीत, सुरुवातीला तेच बरं.

टेकऑफला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) एकदम पुढे ढकलला की नाक डावीकडे ओढतं. गेम बिघडला असं समजू नको, खरं मस्टँगही असंच ओढायचं. थ्रॉटल हळूहळू वाढव, उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) दाबून धर.

नवीन पोरांच्या नेहमीच्या चुका:
- वळताना स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटाशी ओढणं. वेग मरतो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडायला लागतं.
- लँडिंग न शिकताच ऑनलाइन लढायला जाणं.

उतरणं जमलं की मिशन एडिटरमध्ये (गेममध्ये स्वतःचं मिशन आणि हवामान ठरवायची जागा) आपल्या जळगावच्या मे महिन्यासारखं ४४ अंश तापमान लावून बघ. हवा विरळ होते, त्याच धावपट्टीवर चाकं उशिरा सुटतात. मला हे फार आवडतं! रडार, मिसाइलं नंतर बघू.