वाचक विचारतात : रडारपुढचं भिंग

प्रश्न : 60 गिगाहर्ट्झच्या रडार मॉड्यूलपुढे 40 मिमी व्यासाचं, 40 मिमी नाभीय अंतराचं भिंग पीएलए प्लास्टिकमध्ये 20 टक्के इन्फिलनं (आतला फक्त तेवढाच भाग भरून) थ्रीडी प्रिंट केलं. पल्ला वाढला नाहीच, उलट अगदी जवळ एक न हलणारं खोटं लक्ष्य दिसतं. काय चुकलं?

उत्तर : पहिला दोष इन्फिलचा. आत एवढी हवा राहिली की अपवर्तनांक (लहरी किती वळतात ते सांगणारा आकडा) जेमतेम 1.1 च्या आसपास येतो आणि नाभी, म्हणजे लहरी एकवटतात ती जागा, कुठल्या कुठे लांब जाते. भिंग भरीव हवं. सर्वांत बरं म्हणजे एचडीपीईच्या (घट्ट पॉलिथिन प्लास्टिकच्या) दांड्यातून लेथवर काढलेलं : अपवर्तनांक साधारण 1.52, ऊर्जेचा ऱ्हास नगण्य. वक्र बाजू अँटेनाकडे, सपाट बाहेर. वक्रता गोलाची नव्हे, हायपरबोलाची : मध्यापासून 5, 10, 15 आणि 20 मिमीवर पृष्ठभाग अनुक्रमे 0.6, 2.2, 4.7 आणि 7.7 मिमी मागे गेला पाहिजे. हाच आकार भरीव पीएलएमध्ये छापला तर नाभी जवळ येते, 35 मिमीच्या आसपास. तेव्हा 2 मीटरवर धातूचा कोपरा परावर्तक (लहरी आल्या वाटेनं परत पाठवणारा कोपरा) ठेवून, भिंग पुढेमागे सरकवून जागा पक्की करा. छपाईच्या थरांच्या रेषा मात्र विसरा. 5 मिमी तरंगलांबीला त्या दिसतही नाहीत.

खरी गोम पुढे आहे. भिंगामुळे झोत सुमारे 9 अंशांचा होतो. प्रक्षेपक (लहरी सोडणारी) आणि ग्राहक (प्रतिध्वनी टिपणारी) अँटेनांत 5 मिमी अंतर असेल, तर त्यांचे झोत एकमेकांपासून 7 अंश फाकतात. भिंगाचा अक्ष प्रक्षेपकावर धरलात तर ग्राहक भलतीकडेच बघतो, आणि त्यात जवळपास 8 डेसिबल जातात. अक्ष दोघांच्या बरोबर मधोमध धरा; तोटा 4 डेसिबलवर येतो.

पण मधोमध धरलं की खोटं लक्ष्य बळावतं! सपाट बाजू सुमारे 4 टक्के ऊर्जा परत पाठवते आणि भिंग ती अक्षाच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, म्हणजे नेमकी ग्राहकावर, गोळा करतं. त्यासाठी अँटेनांना जोडणाऱ्या रेषेला समांतर, भिंगाच्या मध्यातून जाणारा आस मानून भिंग 4 अंश कलतं करा. परतीचा ठिपका 5-6 मिमी बाजूला सरकतो, झोताची दिशा फारशी बदलत नाही. उरलेलं खोटं लक्ष्य, समोर काही नसताना घेतलेलं मोजमाप वजा करून काढा.

प्रश्न : भिंग लावल्यावरही अनेक ग्राहक अँटेनांवरून लक्ष्याचा कोन काढता येईल का?

उत्तर : नेहमीच्या गणितानं नाही. ते गणित सगळ्या अँटेना एकाच दिशेला बघतात असं धरून चालतं. भिंगामागे प्रत्येकीची दिशा वेगळी. कोणत्या अँटेनात प्रतिध्वनी जोरदार, त्यावरून अंदाज बांधा. रुंद क्षेत्र बघायचं असेल तर भिंग काढलेलंच बरं.