मोटरवाल्या भाऊंना विचारा: गाडी, हत्यारं अन रविवारचा रेडिओ

(चोपड्याला मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवणारे आमचे भाऊ वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. यावेळी पाच पत्रं घेतली आहेत.)

भाऊ, मी शेतावर जाऊन मोटरी काढायचं, बसवायचं काम करतो. जुनी स्प्लेंडर आहे, ती आता थकली. टीव्हीएसची एक्सएल मोपेड घेऊ, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का लोन काढून छोटा हत्ती टेम्पोच घेऊन टाकू? (शिरपूर)

एक्सएल घे दादा, डोळे झाकून घे. स्प्लेंडरला मी नाव ठेवणार नाही, माझं अर्धं आयुष्य तिच्यावर गेलंय, पण पाच एचपीची सबमर्सिबल मोटर पन्नासेक किलोची असते आणि ती मागं कॅरियरला बांधली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात राहत नाही, केळीच्या बागेत पाणी सोडलेलं असलं की मग बघायलाच नको. एक्सएलला तेच वजन पुढं पायापाशी सपाट जागेवर बसतं, जमिनीलगत राहतं, क्लच नाही गिअर नाही, त्यामुळे चिखलात दोन्ही पाय खाली टेकवत टेकवत गाडी निघते. आणि मुख्य म्हणजे बंद पडली तर कुठल्याही गावात तासाभरात खोलून देणारा मिस्तरी भेटतो. मी गाडी घेताना शोरूम बघतच नाही, माझ्या गावापासून दहा किलोमीटरात तिची ब्रेक वायर, ब्रेक शू, प्लग मिळतो का एवढं बघतो.

हायवेला मात्र जपून. आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोड म्हणजे रात्री केळीच्या ट्रका अन उसाच्या ट्रॉल्या, तिथं एक्सएल कडेनंच चालवायची आणि मागं लाल रेडियम लावून घ्यायचं.

इलेक्ट्रिक वाईट नाही, गावातल्या गावात फिरणाऱ्यानं खुशाल घ्यावी. तुझ्या कामाला अडचण अशी की वजन टाकलं की रेंज कमी होते, अन रात्री साडेअकराला शिवारात चार्जिंग संपलं तर काय करशील? ज्यांनी घेतलीय त्यांना एक सांगतो, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढं जातो, उन्हातून आल्याआल्या लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत तासभर निवू द्या आन मग लावा, बॅटरी जास्त वर्षं टिकेल.

छोटा हत्ती सध्या नको. पाईप न्यायचे असले की भाड्यानं बोलव. महिन्यातून चार खेपांसाठी हप्ता डोक्यावर कशाला घेतोस.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, दुसरं वर्ष आहे. पहिल्यांदा कोणतं हत्यार घेऊ? घरची परिस्थिती बेताची आहे. (नंदुरबार)

बाळा, चांगली पकड, टेस्टर, दोन पेचकस अन क्लॅम्प मीटर. ड्रिल मशीन नंतर, ते भाड्यानं मिळतं. क्लॅम्प मीटर का, तर वायर न कापता किती अँपिअर चाललेत ते कळतं. फक्त एकावेळी एकच वायर जबड्यात घे. तिन्ही एकदम घेतल्या तर आकडा शून्याच्या जवळ येतो आणि नवीन पोरं म्हणतात मीटर खराब आहे. पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते, हे डोक्यात ठेव, एचपीला दीड हा हिशोब. पुढं पैसे आले की ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, घे. पकडीची मूठ हातात धरून बघ, रबर गुळगुळीत झालेली जुनी पकड कोणी फुकट दिली तरी घेऊ नको.

भाऊ, वर्षात तीनदा मोटर जळाली. तीनदा भरून आणली, दर वेळी वेगळ्या दुकानात. वायंडिंगवाले फसवतात का? (रावेर तालुका, केळी उत्पादक)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुकानात सकाळी शटर वर करायच्या आत कोणीतरी उभं असतं, "भाऊ, मनी मोटर जयी गयी" (माझी मोटर जळून गेली), अन त्या माणसाचा चेहरा बघवत नाही, कारण केळीला मे महिन्यात चार दिवस पाणी नाही म्हणजे काय ते मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जळालेली मोटर बघायला शिका. मिस्तरीला म्हणा, तार तोडायच्या आधी मला दाखव. स्टार जोडणीच्या मोटरीत तीन फेजच्या कॉईली असतात, त्यातल्या दोन कोळशासारख्या काळ्या आणि तिसरी लख्ख तांब्याची दिसली तर वायंडिंगचा काही दोष नाही, तुमची एक फेज गेली होती अन मोटर उरलेल्या दोनवर फिरत राहिली. त्यावेळी त्या दोन वायरींत करंट जवळपास पावणेदोन पट होतो, साडेसातचे तेरा अँपिअर. सगळ्या कॉईली सारख्याच करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं, नाहीतर ओव्हरलोड. आणि एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखं जळालं असेल, बाकी सगळं चांगलं, तर मात्र भरणाऱ्यानं घाई केली, स्लॉटमधला कागद नीट बसवला नाही, असं समजायला जागा आहे. तिथं भांडा.

मग आणखी एक कारण, ते आपण स्वतःच करतो. ऑटो स्विच. रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून सगळ्यांनीच बसवलाय, मला कळतं, थंडीत रात्री दोनला कोण उठून जाईल, बिबट्याची भीती वेगळीच. पण लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, वीस मोटरी एकाच सेकंदाला उठतात, डायरेक्ट स्टार्टरला सुरुवातीचा करंट सहापट असतो, व्होल्टेज खाली बसतं, मोटरी नुसत्या घूं घूं करतात अन स्पीड घेत नाहीत. एकतर डीपी जाते नाहीतर कोणाची तरी मोटर. शेजारपाजारच्यांनी बसून ठरवा, प्रत्येकानं टायमर लावून दोन-दोन मिनिटांच्या फरकानं मोटर उठवायची. आमच्याकडं एका डीपीवर असं केलं, त्या डीपीवरून माझ्याकडं येणारं काम कमी झालं आणि मला त्याचा आनंदच आहे.

स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवा, ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा. मी खोललेल्या कितीतरी स्टार्टरमध्ये रिले काडी घालून बंद केलेला असतो, "सारखा ट्रिप होत होता" म्हणून. अहो तो ओरडून सांगत होता, त्याचं तोंडच बांधलं तुम्ही. टू फेजवर कंडेन्सर लावून चालवायची सवय असेल तर तीही सोडा.

केबल पण बघा. केळीपट्ट्यात पाणी खोल गेलं, दोनशे फुटाची मोटर पाचशेवर गेली, पण केबल तीच, जोड मारून वाढवलेली. लांब अन बारीक केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच मरतं.

आता फसवणुकीचं. होते, खोटं कशाला बोलू. माझ्याच मोठ्या भावाच्या घरची ओपनवेल मोटर मी गावाला नसताना बाहेर एका दुकानात भरली, आठ महिन्यात परत जळाली. मी खोलली, तारेवर ब्लेडनं ओरखडा मारला तर वरचं लाखेसारखं इनॅमल निघालं आणि आत पांढरी तार. अॅल्युमिनियम. पैसे तांब्याचे घेतलेले. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं, तेवढ्याच जाडीच्या तारेत ते तापणारच. त्या दिवशी भावासमोर मला इतकं वाईट वाटलं, कारण माझ्याच धंद्यातल्या माणसानं केलं होतं. म्हणून ब्लेडचा ओरखडा स्वतः मारा, आणि टोक कापून आतला रंग बघा, वरून तांब्याचं पाणी दिलेली तार पण येते. जुनी तार वजन करून परत मागा, तो तुमचा हक्क आहे.

माझे मिस्टर गॅरेज चालवतात. रविवार आला की जुनी आरएक्स हंड्रेड काढून ओट्यावर खोलून बसतात. चालवत तर नाहीत. विकायला सांगू का? (अमळनेर)

ताई, नका सांगू. ती गाडी १९८५ ला आली अन १९९६ ला बंद झाली, आता गेली की परत येणार नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्या घाईघाईत केल्यावर एक गाडी सावकाश करायला मिळणं, ही त्यांची विश्रांती आहे, मी तरी असंच मानतो. त्यांना दोन निरोप द्या. ऑईल पंपाची वायर तपासत राहा, ती अडकली तर पिस्टन धरतो. आणि गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं अन जुन्या गाडीची रबरं खातं. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ते कागद बघून घ्या. आणि एखाद्या रविवारी भरीत-कळण्याची भाकरी बांधून दोघं त्याच गाडीवर उनपदेवला जाऊन या, गरम पाण्याचा झरा बघा.

भाऊ, तुम्ही स्वतः सुट्टीत काय करता? (भुसावळ)

जुने ट्रान्झिस्टर दुरुस्त करतो. मिडियम वेव्हचे. आमच्या वडिलांच्या दुकानात जळगाव आकाशवाणी अन विविध भारती दिवसभर चालायची. तारा भरताना कान मोकळे असतात ना, म्हणून. आतमध्ये फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली, ती तुटली की रेडिओ मुका. मोटरीची तार भरणाऱ्या बोटांना ती तार भरायला वेळ लागतो, श्वास रोखून करावं लागतं. जमलं की रेडिओ हातात धरून हळूहळू फिरवतो, कांडी स्टेशनच्या दिशेला काटकोनात आडवी झाली की आवाज एकदम उघडतो. रात्री तर लांबलांबची स्टेशनं येतात.

आणि याचा धंद्यातही उपयोग झाला. गेल्या उन्हाळ्यात हातेडकडं एका शेतात स्टार्टर मधूनमधून पडत होता, मीटर लावलं की सगळं ठीक. मी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावला, बंद पॅनलच्या बाहेरून फिरवला, आन एका कोपऱ्यात कडकड कडकड सुरू झाली. लाईट बंद करून खोललं तर आत मेन स्विचचा एक स्क्रू ढिला, वायर काळी पडलेली, ठिणगी उडत होती. ठिणगी मिडियम वेव्हला ऐकू येते. हे बाहेरूनच करायचं, आणि डीपीजवळ अजिबात नाही.

तुमच्याकडं माळ्यावर जुना रेडिओ पडला असेल तर आधी मागचं झाकण उघडून सेल काढा. सेल पाझरले की स्प्रिंगा हिरव्या पडतात, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा, कोरडं करा अन मग नवे सेल घाला. अर्धे रेडिओ तेवढ्यानंच बोलायला लागतात.