चालू असलेली प्रणाली कधी बदलावी? एका औषध वितरकाच्या पेढीतील अनुभव

“संगणक जुना झाला आहे, पण काम काही अडलेले नाही, मग आत्ताच खर्चात का पडायचे?” लहान व्यावसायिकांना समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. यंत्राचे वय मोजून त्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. मिरजेतील एका औषध वितरक कुटुंबाचे उदाहरण त्यासाठी घेतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पेढी वडिलांनी उभी केलेली असून आता मुलगाही तीत लक्ष घालतो. बिले आजही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या, डॉसच्या (विंडोजपूर्व काळातील) प्रोग्रॅमवर निघतात. तो ज्या संगणकावर चालतो त्यात विंडोज ७ आहे, ज्याची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ २०१७ मध्ये जीएसटीपुरते बदल करून निवृत्त झाले. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मुलाने रात्री बसून एकेका औषधाची नोंद उघडून दर बदलले. त्यानंतर त्याने सगळेच बदलण्याचा हट्ट धरला. वडिलांचे उत्तर ठरलेले होते : “चाललंय ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?” त्यातच एका विक्रेत्याने सर्व्हर, बिलिंग, प्रिंटर आणि सीसीटीव्ही यांचे एकत्र कोटेशन दिले. ते पाहून वडिलांचा नकार आणखी पक्का झाला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही झाला असता.

खर्चाचा विषय बाजूला ठेवून मी एक बिल निघताना पाहिले. दिवाणजी पडद्याकडे फारसे न पाहता औषधाच्या नावाची तीन अक्षरे, एंटर, बॅच, एंटर, नग अशा वेगाने पुढे जात होते. माउसला त्यांनी हातही लावला नाही. बिल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघाले, आणि लगेच शेजारच्या संगणकावर एक मुलगा तेच बिल पुन्हा टाइप करू लागला. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे, आणि जुन्या प्रोग्रॅमला ते जमत नाही. म्हणून क्यूआर कोड असलेली दुसरी प्रत लेझर प्रिंटरवर काढून पहिलीला टाचली जात होती. दोन्ही प्रतींत एखादा आकडा वेगळा पडला की मेडिकलवाल्यांचे फोन येत. या दुहेरी टंकलेखनाचा पगार दरमहा जात होता, पण जुन्या प्रणालीचा खर्च म्हणून तो कोणी धरलाच नव्हता.

मग मी वडिलांना विचारले की, हा संगणक उद्या सकाळी सुरूच झाला नाही तर पहिले बिल किती वेळाने निघेल? “बॅकअप आहे की,” ते म्हणाले. तो बॅकअप एका रविवारी दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहायचे ठरले. प्रोग्रॅम उघडला नाही, कारण तो जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या, चिकटपट्टीने धरून ठेवलेल्या डोंगलशिवाय (परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या उपकरणाशिवाय) चालत नाही, आणि तसे पोर्ट नव्या यंत्रांना नसते. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते आणि १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाहीत. मात्र प्रोग्रॅमची माहिती साठवणाऱ्या डीबीएफ फाइली स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडल्या. ग्राहक, औषधे, येणी सगळे वाचता येत होते. वडील बराच वेळ ती येण्यांची यादी खाली-वर करत राहिले; इतक्या वर्षांची माहिती अडकून पडेल, हीच त्यांची खरी धास्ती होती, पैशाचा मुद्दा त्यानंतरचा होता.

बदलाची वेळ आली की नाही हे ठरवताना मी याच गोष्टींना वजन देतो : बंद पडल्यास पुन्हा उभे राहायला लागणारा वेळ, दुरुस्त करू शकणारा माणूस हयात व उपलब्ध आहे का, आणि कायद्याने सांगितलेले काम त्या प्रणालीबाहेर हाताने करावे लागते का. येथे तिन्ही उत्तरे प्रतिकूल होती. प्रिंटरच्या बाबतीत एकही नव्हते, म्हणून माल भरण्याच्या चिठ्ठ्यांसाठी डॉट मॅट्रिक्स तसाच ठेवायला सांगितला आणि कोटेशनमधून सीसीटीव्हीही वगळायला लावला.

नवे सॉफ्टवेअर निवडताना मुलाला दिसायला देखणे असलेले एक आवडले होते. मी मात्र दिवाणजींना बसवून त्यांच्याच कालच्या बिलांवर चाचणी घ्यायला लावली, आणि माउसशिवाय बिल पूर्ण होत नसलेली दोन नावे तिथेच बाद झाली. दिवाणजींची भीती आपण निरुपयोगी ठरू अशी होती. बॅच, एक्स्पायरी आणि परत आलेला माल यांची यादी नव्या प्रणालीत नीट उतरली का, हे तपासण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिल्यावर त्यांचा विरोध बराच निवळला. पेढीत ते काम दुसऱ्या कोणाला जमलेही नसते.

प्रत्यक्ष बदल १ एप्रिलला करायचा ठरला, कारण त्या दिवशी बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात आणि वर्षअखेरची मालमोजणीही हाताशी असते. सराव मात्र फेब्रुवारीत, फक्त तासगाव लाइनच्या, म्हणजे त्या मार्गावरील दुकानांच्या, बिलांवर आणि एकच आठवडा. दोन्ही प्रणाली महिनोन्‌महिने समांतर चालवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला मान्य नाही. माणसे अडचण आली की जुन्याकडे वळतात आणि दोन्हीकडचा साठा जुळेनासा होतो. जुना संगणक मोडीत न काढता इंटरनेटपासून तोडून ठेवायचा आहे, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. नव्या विक्रेत्याच्या करारात, संबंध संपल्यास सर्व माहिती साध्या, वाचता येणाऱ्या फाइलींत देण्याची अट वडिलांनी स्वतःहून घातली.

एकच मतभेद शिल्लक आहे. मुलाला सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या सर्व्हरवर, हवे आहे आणि वडिलांना माहिती पेढीतच हवी आहे. पावसाळ्यात तिथले इंटरनेट किती वेळा जाते याची नोंद आधी एक हंगाम ठेवा आणि मग पुढच्या वर्षी त्याविषयी बोलू, असे मी दोघांना सुचवले आहे.