स्विफ्टच्या सस्पेन्शनसाठी १ लाख ८० हजारांचं कर्ज काढावं का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, लोटे परशुराम एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर, घर कराडला. त्यामुळे दर आठवड्याला कुंभार्ली घाट. गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, ९६,००० किलोमीटर झालेली. वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं, गेल्या पावसाळ्यात समोरून एसटी आली तेव्हा थोडक्यात निभावलं. ट्यूनिंगवाल्याने यादी दिली आहे: कॉइलओव्हर (गाडी खाली करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) ८५,०००, १७ इंची अलॉय आणि २०५/४५ चे टायर ७५,०००, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) १२,००० आणि पुढचा स्ट्रट बार (बोनेटखाली दोन्ही बाजूंचे स्ट्रट जोडणारी पट्टी) ८,०००. बँकेने १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन देऊ केलं आहे, हप्ता ६,१५२ रुपये. हातात पगार ४६,०००. खर्च २८,०००, घरी ५,०००, एसआयपी ४,०००. एफडी १,१०,००० ची. एप्रिलमध्ये साधारण २५,००० बोनस मिळतो. कर्ज घेऊ का?

उत्तर:

कर्ज घेऊ नका. गाडीवर पैसे मात्र जरूर खर्च करा, आणि ते पावसाळ्याच्या आत करा.

तुमच्या पत्रात दोनदा आलंय की घरचे याला हौस म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. जो माणूस पाटण-कोयनानगरकडून चिपळूणला दर आठवड्याला उतरतो आणि रात्रपाळीनंतर परत चढतो, तेही जुलैच्या पावसात, त्याच्यासाठी गाडी वळणात कशी बसते हा जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे खर्च करावा की नाही यात मला शंकाच नाही. प्रश्न एवढाच आहे की कोणता खर्च आधी करायचा, आणि तो कोणाच्या पैशाने.

आधी गाडीकडे बघू, कारण पैसा नेमका कशावर जातोय हे कळल्याशिवाय हप्त्याचं गणित मांडण्यात अर्थ नाही. स्विफ्टचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. वळवायचं काम पुढच्या टायरचं, ओढायचं काम त्यांचंच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. टायरकडे पकड ठरावीक असते आणि ती या सगळ्या कामांत वाटली जाते. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये हेअरपिनमधून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला, की आतल्या बाजूचं हलकं झालेलं चाक फिरू लागतं, पकड ओढण्यातच संपते आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळ जातं. उतारावर वळणाच्या आत शिरून ब्रेक मारला तरी तेच होतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत कंपन्या तो मुद्दाम थोडा ठेवतात, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि पाय उचलल्यावर नाक पुन्हा आत येतं. म्हणजे थोडा अंडरस्टिअर हा दोष नाही. तुमच्या गाडीत तो वाढलाय, आणि का वाढलाय ते तुम्हीच पाठवलेल्या फोटोंत दिसतंय.

पुढच्या डाव्या टायरचा फोटो मोठा करून बघा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे ३११८ आहेत, म्हणजे हा टायर २०१८ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलाय. तुम्ही लिहिलंय की टायर अजून गोटा झालेला नाही, नक्षी शिल्लक आहे. नक्षी आहे, हे खरं. पण साडेसात वर्षांत रबर कडक होतं आणि कडक रबर ओल्या डांबरावर धरत नाही. त्याच फोटोत टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त खाल्लेली आहे. अलाइनमेंट बिघडलंय किंवा लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश गेलेत, बहुधा दोन्ही. ९६,००० किलोमीटरमध्ये सस्पेन्शनला हात लावलेला नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि खराब रस्त्यावर हळू चालवताना पुढून कट-कट आवाज येतो असंही. तो आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) असतो. एक साधी तपासणी आज घरीच करा: बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन शांत झाली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपलेत.

आता ट्यूनिंगवाल्याची यादी. माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण झिजलेल्या बुशवर आणि ढिल्या लोअर आर्मवर ८५,००० चे कॉइलओव्हर बसवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला महागडा रंग देणं. शिवाय गाडी खाली केली की ती चांगली वळते हे सरसकट खरं नाही. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी जास्त खाली केली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) खाली घसरतं आणि वळणात चाकाला मिळायला हवा तो कॅम्बर, म्हणजे आतल्या बाजूचा कल, मिळत नाही. स्प्रिंगला हालचालीची जागाही कमी राहते. भर वळणात खड्डा आला तर स्ट्रट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो आणि पकड एका क्षणात सुटते. रेस ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर हे चालून जातं. कुंभार्लीत ऑगस्टमध्ये नाही.

१७ इंची चाकांचं तसंच. तुमच्या १६५/८० आर १४ टायरची बाजू १३२ मिलिमीटर उंच आहे, वळणात ती लवते आणि स्टिअरिंग ढिलं वाटतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण २०५/४५ वर ती ९२ मिलिमीटरवर येते. एवढी कमी बाजू खड्ड्याचा मार सरळ रिमवर देते, रिम वाकतो, टायरला फुगा येतो, आणि प्रत्येक वेळी पाच आकडी बिल. मधला मार्ग मारुतीनेच दिलेला आहे. याच स्विफ्टच्या झेडएक्सआय मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर यायचे. बाजू १२० मिलिमीटर, टायर २० मिलिमीटर जास्त रुंद, आणि पूर्ण चाकाची उंची तुमच्या सध्याच्या चाकापेक्षा जेमतेम २ मिलिमीटर जास्त, त्यामुळे स्पीडोमीटरही बरोबर राहतो. झेडएक्सआयचे जुने पण सरळ असलेले रिम मिळतात. घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, त्याशिवाय पैसे देऊ नका.

स्ट्रट बार यादीतून काढून टाका, ८,००० रुपयांत जाणवेल असा फरक पडणार नाही. मागचा अँटी-रोल बार मात्र या यादीतली सर्वात विचारपूर्वक सुचवलेली वस्तू आहे. तो मागचा भाग कडक करतो, त्यामुळे पुढच्या टायरवरचा ताण कमी होतो आणि नाक आत येतं. पण हीच गोष्ट ओल्या रस्त्यावर उलटू शकते. वळणात घाबरून पाय उचलला तर मागची बाजू सरकते, आणि तुमच्या गाडीत ती आपोआप सावरणारी ईएसपी यंत्रणा नाही. म्हणून त्याचा नंबर नवे टायर आणि धड सस्पेन्शन यांच्या नंतर.

आता पैसे. १,८०,००० चं कर्ज १४ टक्क्यांनी ३६ महिने म्हणजे एकूण परतफेड सुमारे २,२१,५००. व्याजच ४१,५०० च्या घरात. प्रोसेसिंग फी वेगळी. पण व्याजापेक्षा मला खटकली ती तारीख. तुमच्या गाडीची नोंदणी मार्च २०१४ ची, म्हणजे पंधरा वर्षं मार्च २०२९ ला संपतात. कर्ज आज घेतलं तर शेवटचा हप्ताही त्याच सुमारास. म्हणजे ज्या महिन्यात कर्जातून मोकळे व्हाल, त्याच महिन्यात गाडी पुनर्नोंदणीला आरटीओच्या दारात उभी असेल: ५,००० रुपये नूतनीकरण फी, वर पर्यावरण कर, आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. तिथे खाली केलेली गाडी आणि बाहेर आलेली चाकं घेऊन जायचं का, याचा विचार आजच करायला हवा. विकायची म्हटली तरी तुम्हाला डीलरने सांगितलेल्या सव्वातीन लाखांत या सामानाचे पैसे धरलेले नाहीत, आणि कोणी धरणारही नाही. कुटुंबासाठी जुनी स्विफ्ट घेणारा माणूस मॉडिफाय केलेली गाडी बघून भाव पाडतो किंवा पुढे निघून जातो.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते हे खरं. पण खरी अडचण रस्त्यावरच्या पोलिसापेक्षा विमा सर्व्हेअरची आहे. न कळवता केलेला बदल अपघाताशी जोडला गेला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. ट्यूनिंगवाल्याचं ‘काही होत नाही साहेब’ हे वाक्य दाव्याच्या कागदाला जोडता येत नाही. मूळ मापाचे पार्ट आणि कंपनीनेच याच मॉडेलला दिलेलं चाक, एवढ्यावर राहिलात तर हा सगळा ताप टळतो. चाकांबद्दल विमा कंपनीला एक ईमेल मात्र टाकून ठेवा.

तुमच्या बजेटमध्ये सगळं देऊन महिन्याला ९,००० उरतात. या महिन्याच्या ९,००० मध्ये दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि मजुरी बसते. कराडच्या किंवा चिपळूणच्या दोन गॅरेजमध्ये भाव विचारा, पार्ट मारुतीचे मूळ घ्या आणि जुने पार्ट हातात मागून घ्या. मार्च-एप्रिलच्या शिल्लकीतून पुढचे स्ट्रट माउंटिंगसह आणि मागचे शॉकअप, साधारण १५,०००. त्यानंतर बोनस आणि मेची शिल्लक मिळून चार नवे टायर आणि १५ इंची रिम, अंदाजे ३५,०००, आणि सर्वात शेवटी अलाइनमेंट-बॅलन्सिंग. अलाइनमेंट शेवटीच, आधी केलंत तर पार्ट बदलल्यावर ते पुन्हा करावं लागेल. सगळं मिळून ५९,००० च्या आसपास, ३१ मेच्या आत, कर्ज न घेता आणि एफडीला हात न लावता. काही कारणाने बोनस लांबला तर रिम सोडा आणि आहे त्याच १४ इंचावर नवे टायर घाला. टायर कोणत्याही परिस्थितीत पावसाच्या आधी बदलले पाहिजेत. टायर घेताना कोड वाचा, चालू किंवा मागच्या वर्षाचा नसेल तर परत करा. आणि हवा चारही चाकांत ३५ भरणं बंद करा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच भरा. याला एक रुपया लागत नाही आणि फरक पहिल्याच वळणात जाणवेल.

एफडी मोडू नका असं मी का म्हणतोय? तुमचा महिन्याचा खर्च २८,००० धरला तर सहा महिन्यांचा राखीव निधी १,६८,००० हवा. तो आत्ताच ५८,००० नी कमी आहे. रासायनिक कारखान्यात नोकरी करणाऱ्याने हा खड्डा उघडा ठेवू नये. जूनपासून ९,००० पैकी ६,५०० त्यात टाका, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तो भरतो. त्यानंतर तेच ६,५०० रिकरिंगमध्ये चालू ठेवा. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी मार्च २०२९ पर्यंत १,६५,००० च्या वर जमतात, म्हणजे आरटीओच्या तारखेला पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट हातात. जवळजवळ तेवढाच हप्ता, फक्त तो बँकेऐवजी तुमच्या खात्यात.

पत्रात आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते आहेत का, हे एचआरला आजच विचारा. नसतील तर त्यांचा विमा अँटी-रोल बारच्या आधी, पण टायरच्या नंतर. या क्रमाबद्दल मी ठाम आहे, कारण त्यांचा कमावता आधार तोच घाट उतरतो.

जूनपासून उरलेले २,५०० गाडीच्या नावाने वेगळे ठेवा. ऑक्टोबर अखेरीस १२,५०० होतात, म्हणजे मागच्या अँटी-रोल बारची किंमत. तोपर्यंत नवे टायर आणि सरळ सस्पेन्शन घेऊन एक अख्खा पावसाळा घाटात काढलेला असेल. नाक अजूनही बाहेर जातंय असं वाटलं तर विमा कंपनीला लेखी विचारा, होकार आला तर बार बसवा, आणि पहिले काही आठवडे फक्त कोरड्या रस्त्यावर चालवून त्याचा अंदाज घ्या.